एका जर्मन खेड्याची पत

जर्मनीचा नकाशा पुढें घेऊन कोणी वायरबुश हें नांव शोधूं लागेल, तर बहुधा त्याला तें सांपडणार नाहीं. शाळेंतल्या नकाशांत या गांवाला जागा नाहीं, आणि जागा मिळावी असें तेथें पाहण्याजोगेंही फारसें कांहीं नाहीं. कोलोनहून फ्रांकफुर्टकडे जाणारा जुना रस्ता वेस्टरवाल्डच्या टेंकड्या चढूं लागला, म्हणजे आल्टेनकिर्खेन या जिल्ह्याच्या ठिकाणीं पोंचण्यापूर्वीं, थोडें अलीकडे, रस्त्याच्या दोहों बाजूंस कांहीं घरें लागतात. तेंच वायरबुश. वस्ती हजारापेक्षां थोडी अधिक. मोटारींतून जाणाऱ्या प्रवाशाला गांव आलें केव्हां आणि गेलें केव्हां, याचाही पत्ता लागत नसेल. तरीही आज मीं या गांवाविषयीं बोलण्याचें योजिलें आहे. हें भाषण मुंबई-पुण्याकडील ज्या घरांतून ऐकलें जात असेल, त्यांपैकीं पुष्कळ घरांच्या कपाटांत कोणत्या ना कोणत्या सहकारी पतपेढीचें किंवा सहकारी बँकेचें पासबुक असेल. आणि त्या पासबुकाच्या वंशावळींतील एक आरंभींचें पान या खेड्यांत लिहिलें गेलें आहे.

प्रथम मुलुखाची थोडी ओळख करून घेऊं. वेस्टरवाल्ड या नांवाचा अर्थ पश्चिमेकडील रान. ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस, उत्तरेची झीग आणि दक्षिणेची लान या तिला मिळणाऱ्या दोन नद्यांच्या मध्यें हा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. त्याचा सर्वांत उंच माथा फुक्सकाउटे हा ६५७ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्या उंचीचा. पण नुसती उंची मोजून तेथील हवेची कल्पना येत नाहीं. पन्नासाव्या अक्षांशाच्या पलीकडचें हें पठार वाऱ्याला सर्व बाजूंनीं उघडें आहे. वसंत उशिरां येतो, शरदांतलें धुकें लवकर उतरतें, आणि या दोहोंच्या मध्यें पीक साधलें तर साधलें. पूर्वेकडील उंच भागांत जो काळा दगड आहे तो बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांत उत्तम चिकणमाती सांपडते, आणि तिच्यापासून मिठाची झिलई दिलेलीं करड्या-निळ्या रंगाचीं भांडीं तेथील कुंभार शेंकडों वर्षें घडवीत आले आहेत. उत्तरेस झीगच्या खोऱ्याकडे लोखंडाच्या खाणी होत्या. वायरबुशच्या वांट्याला मात्र यांपैकीं कोणतेंच धन भरीवपणें आलें नाहीं. राय नांवाचें धान्य, ओट, बटाटे आणि गोठ्यांतील एक-दोन गाई, एवढ्यावरच तेथील संसार चालत.

झीग नदीकडील खेड्यांतून रान राखण्याची एक जुनी रीत होती; तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्या रानाला हाउबेर्ग म्हणतात. ओक आणि बर्च या झाडांचें हें रान कुणा एकाच्या मालकीचें नसून गांवच्या हिस्सेदारांचें सामाईक असे. रानाचे सोळा-वीस भाग पाडावयाचे व दरसाल एकच भाग तोडावयाचा. ओकची साल चामडें कमावणाऱ्यांना जाई, लाकडाचा कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांना जाई, मोकळ्या झालेल्या जमिनींत एक वर्ष राय पेरीत, पुढें गुरें चारीत, आणि मग बुंध्यांना फुटलेले धुमारे वाढून पुन्हां रान उभें राही. त्या भागाची पाळी पुन्हां यावयाला एक पिढी जवळ जवळ सरलेली असे. हिस्से कागदावर वेगळे, पण रान एकच. अशा कांहीं रानांचा कारभार आजही त्या बाजूस सामाईकपणें चालतो. सहकाराचा इतिहास सांगणारे लोक तो एखाद्या महापुरुषाच्या मस्तकांतून एकाएकीं निघाल्यासारखा सांगतात. परंतु ज्या मुलुखांत तो प्रथम रुजला, तेथें सामाईक हिशेब ठेवण्याची संवय आधींपासूनच होती, हें विसरतां कामा नये.

रान सामाईक राहिलें तरी शेतजमीन मात्र तशी राहिली नाहीं. बापाच्या पश्चात् जमीन सर्व मुलांत सारखी वांटण्याची चाल या भागांत होती. न्यायाच्या दृष्टीनें ती चांगलीच. परंतु दोन-तीन पिढ्यांत शेताच्या पट्ट्या होतात आणि पट्ट्यांच्या चिंध्या होतात. हें दुःख देशावरच्या किंवा कोंकणांतल्या माणसाला समजावून सांगावयास नको. चिंधीएवढ्या शेतावर गाय पोसावयाची, तिच्याच शेणानें शेत खतवावयाचें, तिलाच नांगराला जुंपावयाचें. गाय मेली कीं शेतकरी उघड्यावर पडला.

आतां राज्यकारभाराविषयीं दोन शब्द. १८१५ सालच्या व्हिएन्नाच्या तहानें हा प्रदेश प्रशियाच्या पदरांत पडला. प्रशियन सरकारनें वीस-वीस, तीस-तीस खेड्यांचे गट करून प्रत्येक गटावर एक ब्यूर्गरमाइस्टर नेमला. शब्दकोशांत या शब्दाला नगराध्यक्ष असा प्रतिशब्द मिळेल, पण तो येथें दिशाभूल करणारा आहे. हा अधिकारी आपल्याकडील पाटील आणि मामलेदार या दोघांच्या मधला समजावा: सरकारनें नेमलेला, वरिष्ठांच्या हुकुमाचा ताबेदार, पण राहावयाचा खेड्यांतच, आणि ज्यांचे कर वसूल करावयाचे त्यांच्या दारावरून रोज जाणारा.

१८४५ सालीं वायरबुशच्या गटावर असा एक अधिकारी आला. त्याचें नांव फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन, वय सत्तावीसच्या आंतबाहेर. तो जन्मला होता त्याच डोंगरांत, झीग नदीकांठच्या हाम या गांवीं, ३० मार्च १८१८ रोजीं. घरची परिस्थिति खालावल्यामुळें त्याला उच्च शिक्षण मिळालें नाहीं. जें मिळालें तें गांवच्या धर्मोपदेशकापाशीं. सतराव्या वर्षीं तो तोफखान्यांत शिरला. पुढें डोळ्यांच्या विकारानें त्याला लष्कर सोडावें लागलें, आणि म्हणून तो मुलकी नोकरींत आला. हा विकार त्याला जन्मभर पुरला. उत्तरायुष्यांत तो जवळ जवळ आंधळा झाला व त्याचें लिहिणें-वाचणें त्याची मुलगी आमालिया करीत असे.

त्याच सुमारास बटाट्यावरचा करपा युरोपांत शिरला. आयर्लंडमध्यें त्यानें जो अनर्थ केला तो सर्वश्रुत आहे. परंतु ऱ्हाइनकांठच्या डोंगरांतही त्याची झळ पोंचली, आणि १८४६ सालीं रायचें पीकही बुडालें. बटाटा गेला तर भाकरी, भाकरी गेली तर बटाटा, असा गरिबाचा हिशेब असतो. त्या वर्षीं दोन्ही गेलीं. १८४६-४७चा तो हिवाळा जर्मन इतिहासांत उपासमारीचा हिवाळा म्हणूनच नोंदला गेला आहे.

प्रशियाचें सरकार अगदींच झोपलेलें नव्हतें. वरून धान्य व पीठ देण्याची व्यवस्था झाली. वायरबुशच्या वांट्याचें तेंही ठरलें. परंतु त्याबरोबर हुकूमही आला, कीं हें पीठ रोख पैसे मोजतील त्यांनाच द्यावें. हुकूम लिहिणाऱ्या कारकुनाला यांत कांहीं वावगें वाटलें नसावें. सरकारी माल, त्याचा हिशेब रोख; यांत चूक ती काय? चूक एवढीच, कीं ज्याच्यापाशीं रोख पैसा होता तो उपाशी नव्हता, आणि जो उपाशी होता त्याच्यापाशीं रोख पैसा नव्हता. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दुष्काळाविषयीं जें मांडलें, कीं अन्न नसल्यामुळेंच माणसें मरतात असें नव्हे, अन्न असूनही त्यावर हक्क सांगण्याचें साधन हातीं नसल्यामुळें मरतात, तें वायरबुशच्या कचेरींत पिठाच्या पोत्यांच्या रूपानें समोर उभें होतें.

रायफायझेननें हुकूम मोडला. मोडला म्हणजे पोतीं फोडून लुटवलीं नव्हेत. त्यानें आपल्या गटांतील बऱ्यापैकीं स्थितीच्या लोकांना एकत्र बसविलें आणि त्यांची एक समिति केली. पीठ गरजूंना उधार द्यावयाचें, घेणाऱ्यानें पुढें फेडण्याचा कागद लिहून द्यावयाचा, आणि त्या उधारीमागें या समितीनें उभें राहावयाचें, असा बेत ठरला. ऐपतदारांनीं वर्गणी घालून आणखी धान्य खरेदी केलें. या मंडळाला ‘वायरबुशचा भाकरी-संघ’ असें नांव पडलें.

पुढची पायरी मला त्याहूनही बोलकी वाटते. पीठ मिळालें तरी त्याची भाकरी व्हावयाची राहते. जर्मन भाकरी आपल्यासारखी तव्यावर होत नाहीं. तिला मोठी भट्टी लागते, भट्टीला सरपण लागतें, आणि घरोघर थोड्या पिठासाठीं भट्टी पेटविणें ही चैन होते. पाववाल्याकडून घ्यावी तर त्याचा दर टंचाईच्या दिवसांत कोठें थांबेल याचा नेम नाहीं. तेव्हां संघानें गांवांत एक सार्वजनिक भट्टीघर बांधविलें. एकच भट्टी, तीच तापलेली ठेवावयाची, तींतून निघालेली भाकरी बाजारापेक्षां पुष्कळ स्वस्तांत द्यावयाची. हिवाळा सरतांच पेरणीसाठीं बियाणें व बटाट्याचें बेणें पुरविलें गेलें. कारण ज्यानें बेणेंच खाऊन टाकलें आहे, त्याची पुढच्या वर्षींची उपासमार आधींच ठरलेली असते.

आपल्या मराठींत पत हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. उधार मिळण्याची योग्यता ती पत, आणि माणसाची अब्रू तीही पतच. सरकारच्या वहींत वायरबुशच्या मजुराला पहिली पत नव्हती, कारण दुसरी किती आहे हें सरकारला कळण्याचा मार्ग नव्हता. कोब्लेन्झमधील अधिकाऱ्याला तो मजूर म्हणजे यादींतील एक नांव. परंतु त्याच्या शेजाऱ्याला ठाऊक होतें, कीं हा पितो कीं नाहीं, याची गाय कशी आहे, याच्या बायकोनें गेल्या वर्षीं उसनें घेतलेलें परत केलें कीं नाहीं. ही माहिती विकत मिळत नाहीं, आणि ती दहा कोसांपलीकडे टिकतही नाहीं. खेडें लहान असणें ही एरव्हीं त्याची दुर्बलता. येथें तेंच त्याचें भांडवल ठरलें.

हें सगळें रायफायझेनला त्याच हिवाळ्यांत उमगलें होतें, असें मात्र समजूं नये. भाकरी-संघ हा शेवटीं धर्मकृत्याचाच प्रकार होता: सुस्थितांनीं दुःस्थितांना हात द्यावा. १८४८ सालीं त्याची बदली जवळच्याच फ्लामर्सफेल्ड गटावर झाली. तेथें त्याला दुसरेंच संकट दिसलें. गुरांचा व्यापारी शेतकऱ्याच्या गोठ्यांत गाय बांधून जाई; चारा शेतकऱ्याचा, मेहनत शेतकऱ्याची, पण वासरांत आणि किंमतींत व्यापाऱ्याचा वांटा असा कांहीं लावलेला असे, कीं गाय शेतकऱ्याची कधींच होऊं नये. १८४९ सालीं फ्लामर्सफेल्डच्या सुमारें साठ ऐपतदार गृहस्थांनीं आपल्या सर्व मालमत्तेची हमी देऊन एक साहाय्यक संघ काढला. संघानें गुरें विकत घ्यावयाचीं व शेतकऱ्यानें पांच वर्षांच्या हप्त्यांनीं किंमत फेडावयाची. लवकरच संघ गुरांऐवजीं रोख कर्ज देऊं लागला.

१८५२ सालीं तो ऱ्हाइनकांठीं नॉयवीडनजीकच्या हेडेसडोर्फ येथें आला, आणि तेथें तिसरा प्रयोग झाला. तोही आरंभीं दानशूरांच्याच जिवावर होता: अनाथ मुलांची व्यवस्था, सुटलेल्या कैद्यांना काम, आणि बरोबर कर्जही. पण दानाचा उत्साह वर्षांमागून वर्षें टिकत नाहीं. ज्यांना स्वतःला कर्जाची गरज नाहीं, त्यांनीं आपली घरेंदारें दुसऱ्याच्या कर्जाला किती काळ तारण ठेवावीं? श्रीमंत सभासद एक एक करून मागें सरूं लागले. तेव्हां १८६२ सालीं आन्हाउझेन येथें व १८६४ सालीं हेडेसडोर्फ येथें नियम फिरविण्यांत आला: जो कर्ज घेईल त्यानें संघाचा सभासद झालेंच पाहिजे, आणि सभासद झाला कीं सर्वांच्या कर्जाला तोही जबाबदार. देणारा आणि घेणारा हा भेद येथें नाहींसा झाला. वायरबुशच्या भट्टीपासून या नियमापर्यंत यावयाला सोळा-सतरा वर्षें लागलीं. स्वतः रायफायझेनला तो नियम मनापासून आवडला नव्हता, असें त्याच्या लिखाणावरून दिसतें. श्रीमंतांनीं धर्मबुद्धीनें पुढें यावें, हीच त्याची खरी आवड. अनुभवानें त्याला आवडीविरुद्ध चालावयास लावलें, आणि मला त्याचा मोठेपणा यांतच अधिक दिसतो.

ही अमर्याद जबाबदारी म्हणजे काय, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, एका खेड्यांतल्या पन्नास कुटुंबांनीं संघ केला. एकेकट्यानें शहरच्या पेढीकडे शंभर रुपये मागितले, तर पेढी दारांतूनच परत पाठवील. कारण एवढ्याशा रकमेसाठीं त्याची जमीन पाहून येण्याचा खर्चच व्याजापेक्षां जास्त. तींच पन्नास कुटुंबें एकजुटीनें पांच हजार मागूं लागलीं आणि पन्नास घरांची, पन्नास शेतांची हमी देऊं लागलीं, तर पेढीला कोणाचेंही शेत पाहण्याची गरज उरत नाहीं. तें पाहण्याचें काम आतां गांवच करतें, आणि फुकट करतें. कारण रामानें पैसे बुडविले तर ते गोविंदाच्या खिशांतून जावयाचे. म्हणून कर्ज कशासाठीं पाहिजे हें विचारलें जातें, बैलासाठीं घेतलेला पैसा बैलावरच लागला कीं नाहीं हें पाहिलें जातें. म्हणूनच संघाचें क्षेत्र एका धर्मग्रामापुरतें, म्हणजे एका देवळाच्या घंटेच्या टप्प्यांतलें, असावें असा रायफायझेनचा आग्रह होता. कार्यकारी मंडळाला वेतन नाहीं, नफ्याची वांटणी नाहीं, आणि सांठलेली गंगाजळी कोणालाही वांटून घेतां येणार नाहीं, हे त्याचे दुसरे नियम. शहरांतील कारागिरांसाठीं पतसंस्था काढणारा शुल्झे-डेलिच हा त्याचा समकालीन. त्याला हे नियम भाबडे वाटत, आणि दोघांच्या पंथांत पुष्कळ वर्षें कडाक्याचा वाद चालला.

शेजाऱ्याचें शेजाऱ्यावर लक्ष असणें ही गोष्ट ऐकावयास गोड लागते; पण तिची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर हें भाषण अप्रामाणिक होईल. जें गांव ‘आपले’ कोण हें इतकें चोख जाणतें, तें ‘परके’ कोण हेंही तितक्याच चोखपणें ठरवितें. वेस्टरवाल्डमधील गुरांच्या व्यापारांत ज्यू लोकांचा भाग बराच होता, आणि त्याचें कारण त्यांचा स्वभाव नव्हे. शेंकडों वर्षें जमीन धारण करणें व बहुतेक कारागिरीचे धंदे त्यांना बंद होते, म्हणून व्यापार व सावकारी एवढेंच त्यांना उरलें. सावकारींत ख्रिस्ती लोकही होते. तरीही व्याजखोर म्हणजे ज्यू हें समीकरण त्या काळच्या ग्रामीण जर्मनींत रूढ होतें, आणि खुद्द रायफायझेननें उत्तरायुष्यांत ज्यूंच्या विरुद्ध मजकूर लिहिला आहे. त्याच्या जयंत्या साजऱ्या करणाऱ्यांनीं ही गोष्ट पुष्कळ काळ दडवून ठेवली. अलीकडे जर्मन अभ्यासक ती उघड मांडूं लागले आहेत. १९३३ नंतर नाझी राजवटीनें शेतकऱ्यांचे सहकारी संघ आपल्या दावणीला बांधले. १९३८च्या नोव्हेंबरांतील जाळपोळींतून या डोंगरांतील ज्यूंचीं प्रार्थनामंदिरेंही सुटलीं नाहींत. गुरांचे ज्यू व्यापारी त्या खेड्यांतून नाहींसे झाले ते कायमचे.

आपल्या मुलुखाशीं या गोष्टीचा धागा जुळतो तो येथेंच. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि पुढें पुणें व नगर जिल्ह्यांतून गांवोगांव कर्जरोखे व दस्तऐवज जाळले गेले. अमेरिकेंतील यादवीमुळें चढलेला कापसाचा भाव ओसरला होता, सारा वाढला होता, आणि सावकारानें हात आखडता घेतला होता. सरकारनें चौकशी केली, १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानें सावकाराचा हात धरला, पण शेतकऱ्याच्या हातांत कांहीं दिलें नाहीं. विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यांत शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. न्यायमूर्ति रानडे यांचा तिला पाठिंबा होता. ती लंडनहून नामंजूर होऊन आली. नंतर मद्रास सरकारनें फ्रेडरिक निकल्सन यांस युरोपांतील शेतकी बँकांचा अभ्यास करावयास सांगितलें. १८९५ व १८९७ सालीं त्यांचा अहवाल दोन भागांत निघाला, आणि त्या प्रचंड ग्रंथाचें सार एवढेंच होतें, कीं हिंदुस्थानानें आपला रायफायझेन शोधून काढावा.

१९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यांत ग्रामीण संस्थांना घातलेली अमर्याद जबाबदारीची व नफा गंगाजळींत टाकण्याची अट ही नॉयवीडच्या वळणाची. त्या वेळच्या मुंबई इलाख्यांत, गदग तालुक्यांतील कणगिनहाळ या गांवीं १९०५ सालीं सिद्धनगौडा पाटील यांनीं काढलेली संस्था ही या कायद्याखालील अगदीं पहिल्यांपैकीं होय. १९११ सालीं विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या खटपटीनें मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. तिचीच आज राज्य सहकारी बँक झाली आहे. एक भेद मात्र राहिला. वेस्टरवाल्डमध्यें आधीं संस्था झाल्या आणि जर्मन साम्राज्याचा सहकारी संस्थांविषयींचा कायदा त्यांच्यामागून १८८९ सालीं, रायफायझेनच्या मृत्यूनंतर वर्षभरानें आला. आपल्याकडे आधीं कायदा आला, त्याबरोबर रजिस्ट्रार आला, आणि संस्था त्याच्या सहीनें जन्माला येऊं लागल्या. आपल्या सहकाराचे गुण आणि दोष या एका भेदांतून पुष्कळ अंशीं उलगडतात, असें माझें मत आहे.

पुन्हां वायरबुशकडे वळूं. आज हें गांव ऱ्हाइनलंड-फाल्ट्स या १९४६ सालीं बनलेल्या राज्यांत मोडतें. या राज्याची वस्ती सुमारें एक्केचाळीस लाख, आणि त्यांत ग्रामसंस्था तेवीसशेंच्या घरांत. कांहींची वस्ती शंभराच्याही आंत. जर्मनींतील दुसऱ्या राज्यांनीं लहान गांवें एकत्र करून मोठ्या संस्था बनविल्या. येथें गांव तसेंच ठेवून त्यांच्यावर संयुक्त ग्रामसंघ उभा केला. वायरबुश ज्या संघांत आहे तो १ जानेवारी २०२० रोजीं आल्टेनकिर्खेन व फ्लामर्सफेल्ड हे दोन संघ जोडून झाला. साठांहून अधिक गांवें त्यांत आहेत. कचेरी, पाणीपुरवठा, अग्निशामक दल, प्राथमिक शाळा ही संघाची बाजू. गांवचे रस्ते, दफनभूमि, सभागृह, रान ही गांवाची. संघाचा प्रमुख पगारी, गांवचा प्रमुख मात्र मानसेवी, लोकांनीं पांच वर्षांसाठीं निवडलेला. दिवसा आपली नोकरी करून संध्याकाळीं तो गांवचा कारभार पाहतो. असा माणूस मिळणें अनेक गांवांना दिवसेंदिवस कठीण जात आहे.

रायफायझेनची खूण गांवांत आहे ती भट्टीघराच्या रूपानें. तें पुन्हां उभारलेलें आहे, आणि बाहेरून येणाऱ्यांना दाखविलें जातें. वायरबुश, फ्लामर्सफेल्ड व नॉयवीड यांना जोडणारा जो रस्ता त्यानें डोंगरांतला माल ऱ्हाइनच्या बाजारांत पोंचावा म्हणून बांधविला, त्याला त्याचें नांव आहे. सहकारी संस्थांची कल्पना व प्रथा युनेस्कोनें २०१६ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत घातली; जर्मनीच्या वतीनें त्या यादींत गेलेली ही पहिलीच नोंद. वारसा म्हणून नोंद व्हावी आणि मूळ वस्तु मात्र बदलत जावी, असेंही कांहींसें घडत आहे. १९७० सालीं पश्चिम जर्मनींत सहकारी बँका सात हजारांवर होत्या. आज सबंध जर्मनींत त्या सातशेंहून कमी आहेत. बँका बुडाल्या असें नव्हे, त्या एकमेकींत मिळाल्या, मोठ्या झाल्या, आणि घंटेच्या टप्प्यांतलें ओळखीचें क्षेत्र मागें पडलें. कर्जदाराची पत आतां तेथेंही, आपल्याकडल्याप्रमाणेंच, यंत्रांतील आंकड्यांवरून ठरते.

२०१८ पासून लागोपाठ आलेल्या कोरड्या उन्हाळ्यांत या डोंगरांतल्या स्प्रूस झाडांवर सालकिड्याचा हल्ला झाला, आणि आल्टेनकिर्खेन जिल्ह्यांतील टेंकड्याच्या टेंकड्या उघड्या पडल्या. पुष्कळ ग्रामसंस्थांचें रान हेंच त्यांचें उत्पन्नाचें साधन होतें. मेलेलें लाकूड एकदम बाजारांत आल्यानें भावही पडला. आतां ओक लावावा, बीच लावावा, कीं जें आपोआप उगवेल तें उगवूं द्यावें, याचा निकाल गांवोगांवचे बिनपगारी सभासद संध्याकाळच्या सभांतून लावीत आहेत. ओकचें लाकूड विकावयास येण्याला शंभराहून अधिक वर्षें लागतात. रोपांचे व कुंपणाचे पैसे मात्र याच वर्षींच्या अंदाजपत्रकांतून काढावे लागतात.